तिहामेरचे दोनशे मीटर

बोदोनी तिहामेरला पोहता येत नाही, हे साठ वर्षं फक्त मला माहीत होतं.

आणि हा माणूस कोण? कनूच्या, म्हणजे अरुंद वल्हवायच्या नावेच्या, शर्यतीत दोनदा राष्ट्रीय विजेता, एका जागतिक स्पर्धेत चौथा, अडतीस वर्षं तिसा नदीवरच्या आमच्या क्लबचा प्रशिक्षक, आणि निवृत्त झाल्यावर शर्यतीच्या दिवशी मोटरबोटीत बसणारा स्वयंसेवक. कसली मोटरबोट? बचावाची! त्याच्या बायकोचा, मार्गितचा, शेवटपर्यंत असा समज होता की आपल्या नवऱ्याला केस ओले झालेले आवडत नाहीत.

मी वेंडेल. क्लबात नावा दुरुस्त करतो, शर्यतीच्या दिवशी फळ्यावर निकाल लिहितो, आणि माशाच्या रश्शात तिखट जास्त पडलं की सगळ्यांची बोलणी खातो. नावेत बसायचं काम माझं नव्हे. मी बसलो की ती उलटते. लहानपणी दिवसातून दहा वेळा उलटायचो, त्यामुळे पोहायला मात्र फार छान शिकलो.

तिहामेरचं नेमकं उलटं. त्याचा बाप नदीवर तर चालवायचा, माणसं पलीकडे नेणारी होडी. पोरगा चालायला लागला तो तरीवरच. पाण्याच्या वर त्याच्याइतका सहज वावरणारा माणूस मी पाहिला नाही. पाण्याच्या आत काय असतं, याची मात्र त्याला कधी चौकशी करावीशी वाटली नाही.

त्रेसष्ट साली गावात क्लब निघाला तेव्हा आम्ही दोघं दहा वर्षांचे होतो. नियम असा होता की ज्याला पोहता येत नाही त्याच्या हाती वल्हं द्यायचं नाही. परीक्षा घ्यायला एक मिशाळ गृहस्थ आले होते. आमच्याकडे न बघता ते नुसती यादीतली नावं पुकारायचे. सकाळच्या तुकडीत मी माझ्या नावाने पोहलो. दुपारच्या तुकडीत टोपी भुवयांपर्यंत ओढून तिहामेरच्या नावाने पोहलो. दुसऱ्यांदा माझी वेळ चार सेकंदांनी सुधारली होती. सौदा साधा होता, त्या बदल्यात त्याने मला नाव वल्हवायला शिकवायचं. त्याने शिकवलं, मला आलं नाही. शिकवणाराच कच्चा होता, असं मी आजही म्हणतो.

पुढे साठ वर्षं त्याने निभावून कसं नेलं, हा प्रश्न पडेल. एक तर तो फारसा उलटायचाच नाही. आणि उलटलाच तर नाव सोडायचा नाही. मिठी मारून राहायचा, कोणीतरी येईपर्यंत. एकदा राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम रेषा ओलांडल्यावर लाटेने तो कलंडला, आणि नावेला धरून लोकांकडे बघत हात हलवत राहिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याच्या शांतपणाचं कौतुक छापून आलं. प्रशिक्षक झाल्यावर त्याने प्रत्येक पोराला पहिला धडा हाच दिला, ‘काहीही झालं तरी नाव सोडायची नाही.’ शेजारच्या गावांतले प्रशिक्षक येऊन हे वहीत लिहून न्यायचे. त्यांना वाटायचं, केवढा अनुभव! बिचाऱ्याकडे दुसरा उपायच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात संघटनेचं पत्र आलं. आमच्या अध्यक्षा ओर्शोया यांनी ते सभेत वाचून दाखवलं. ओर्शोया म्हणजे तिहामेरचीच जुनी शिष्या, आमची ओर्शी. बचावबोटीवरच्या प्रत्येक स्वयंसेवकाने पंधरा मेच्या आत न थांबता दोनशे मीटर पोहून दाखवायचं, शिक्षकासमोर, ओळखपत्रासह.

“जुन्या मंडळींना काय, एका दमात जमेल,” ओर्शी म्हणाली आणि पुढच्या विषयाकडे वळली. तिहामेरच्या तोंडात पोगाचा होती, आमच्याकडचा छोटा खारा पाव. ती तो सभा संपेपर्यंत चावत होता.

सभेनंतर तो माझ्या कार्यशाळेत आला.

“वेंडेल.”

“नाही.”

“अरे, मी अजून बोललोसुद्धा नाही.”

“त्रेसष्ट साली असंच बघितलं होतंस माझ्याकडे. नाही म्हणजे नाही.”

“टोपी घातल्यावर कोण ओळखतंय?”

“लेका, माझं वजन एकशे बारा किलो. तुझं सत्तर. टोपी कुठवर ओढू, गुडघ्यापर्यंत?”

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. पालथ्या घातलेल्या एका कनूवर बसला आणि तिच्या तळावरून हात फिरवत राहिला. “मग तब्येतीचं काहीतरी सांगतो आणि सोडतो बोट,” तो म्हणाला. “सत्तरी आली. पुरे झालं की.”

त्याच्या बोलण्यापेक्षा मला तो फिरणारा हात जास्त दिसत होता. मार्गित गेल्यापासून त्याच्या आठवड्यात ती बोट सोडून दुसरं काही उरलं नव्हतं.

“शिकायचं,” मी म्हणालो.

“आता?”

“सात महिने आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी सहाला, गरम कुंडांवर. तेव्हा म्हाताऱ्यांशिवाय कुणी नसतं.”

“आणि आपण कोण?”

“आपण क्रीडापटू. चल, उठ माझ्या नावेवरून, रंग ओला आहे.”

पहिल्या मंगळवारी तो राष्ट्रीय संघाची शहात्तर सालची पोहण्याची चड्डी घालून आला. लोकरीची. म्हणाला, “एकदाही वापरली नाही, कोरी आहे.” ती पाण्यात गेल्यावर दोन किलो पाणी पिऊन बसली. मी त्याला मुलांच्या हौदात उतरवलं. तिथं पाणी कमरेइतकं. हातात पोरांची फळी दिली, पिवळी, तिच्यावर बदक काढलेलं. त्याने बदकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“दुसरी नाही?”

“दुसरीवर बेडूक आहे.”

त्याने बदक घेतलं.

लवकरच एक नवीनच अडचण कळली. पन्नास वर्षं हा माणूस कनूत डावा गुडघा टेकून, डाव्या बाजूने वल्हं मारत आलेला. डावा खांदा बैलासारखा, उजवा कारकुनासारखा. त्यामुळे हातपाय हलवायला लागला की सरळ जायचाच नाही. उजवीकडे वळत वळत पूर्ण गोल फिरून माझ्याकडेच परत यायचा.

“पोचलो का?” डोळे गच्च मिटून त्याने विचारलं.

“पोचलास. निघाला होतास तिथंच.”

बाजूच्या गरम कुंडात आरांकाबाई बसलेल्या असायच्या. औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेल्या, शहात्तर वर्षांच्या, डोक्यावर फुलांची रबरी टोपी. तरंगत्या पाटावर एकट्याच बुद्धिबळ खेळायच्या आणि दोन्ही बाजूंना शिव्या द्यायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

“अहो, तुमचे ते पाहुणे बुडतायत की पोहतायत?”

“अजून ठरलं नाही, बाई.”

“ते कनूवाले बोदोनी ना?”

“नाही, मी त्यांचा धाकटा भाऊ,” तिहामेर पाण्यातून म्हणाला.

“तुम्हाला भाऊ नाही. तुमच्या आईची औषधं वीस वर्षं मी बांधून दिली आहेत.” त्या उठल्या, पायऱ्या उतरून आमच्या हौदात आल्या. “मी कुणाला सांगणार नाही. पण हे असलं शिकवणं मला बघवत नाही. वेंडेल, तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही यांना धरून ठेवताय. धरलेला माणूस तरंगायला कसा शिकेल?”

त्या दिवसापासून मी सहायक झालो. आरांकाबाईंचा पहिला हुकूम, तोंड पाण्यात घालायचं. तिहामेरने त्यासाठी पाच आठवडे घेतले. कधी कान दुखायचा, कधी चष्मा घरी राहायचा, कधी पाण्याला वास यायचा. शेवटी डिसेंबरात एका शुक्रवारी बाईंनी त्याला काठावर बसवलं आणि सरळ विचारलं, “कधी बुडाला होतात?”

त्याने पाय पाण्यातून वर घेतले. मग म्हणाला, “सहा वर्षांचा होतो. तर आणि धक्का यांच्या फटीत पडलो. वर आलो तर डोक्यावर लाकूड. सगळीकडे लाकूड. बापाने कॉलरला धरून काढलं आणि कामाला लागला. त्याला माणसं पलीकडे न्यायची होती.”

एवढ्या वर्षांत हे त्याने मलासुद्धा सांगितलं नव्हतं. माझी समजूत, भित्रा आहे झालं. आरांकाबाई म्हणाल्या, “इथं वर लाकूड नाही. छत आहे, ते फार उंच आहे, आणि गळतं.” तिहामेरने वर बघितलं. छत खरंच गळत होतं. मग त्याने नाक धरलं आणि तोंड पाण्यात घातलं. बाहेर काढलं तेव्हा असा चेहरा, जणू त्या जागतिक स्पर्धेतलं चौथं स्थान कुणी बदलून तिसरं केलं होतं.

जानेवारीत तो दहा मीटर गेला. फेब्रुवारीत पंचवीस, उजव्या भिंतीला कोपर घासत. आणि नेमक्या त्याच वेळी शाळांना सुट्टी लागली.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं आणि ओर्शी आत आली. लेकीला घेऊन आली होती. तिहामेर बदकाची फळी पोटाशी धरून हौदाच्या मधोमध होता. लपायला जागा नव्हती. पाण्याखाली जाता आलं असतं, पण तेवढी प्रगती अजून झालेली नव्हती.

“तिही काका? हे काय?”

“व्यायाम,” तिहामेर म्हणाला. “कंबरेसाठी.”

“बदकाबरोबर?”

आरांकाबाईंनी ओर्शीच्या लेकीचा हात धरला आणि तिला बुद्धिबळ दाखवायला घेऊन गेल्या. ओर्शी माझ्याकडे वळली. “वेंडेल काका, खरं सांगा. यांना पोहता येत नाही?”

“आता थोडं येतं,” मी म्हणालो.

ती काठावर खाली बसली, पायमोजे न काढता पाय पाण्यात सोडून. आणि मला कळलं की ती कशाचा विचार करतेय, कारण मीही त्याचाच करत होतो.

नव्याण्णवच्या एप्रिलात नदीला पूर होता. सराव बंदच ठेवायचा, पण सकाळी पाणी जरा उतरलं म्हणून लहान मुलांच्या कयाक नदीच्या जुन्या फाट्यात उतरवल्या. अकरा वर्षांची ओर्शी प्रवाहाच्या तोंडाशी गेली आणि उलटली. तिचे हात नावेवरून सुटले. तिहामेर मोटरबोटीत होता. त्याने दोरी उचलली आणि कपड्यांनिशी, बुटांसकट उडी टाकली. मी काठावर होतो. सगळे त्याच्या नावाने ओरडत होते, मी मात्र आकडा उचलून काठाने धावत सुटलो. तीनशे मीटर खाली, विलोच्या झाडाच्या फांद्यांत ती दोघं अडकली, तिथून मी लांब आकड्याने त्यांना ओढून काढलं. गावाने त्याला पदक दिलं. ते कुठंय विचारलं की तो म्हणायचा, मोज्यांच्या खणात असेल.

“तेव्हा तुम्ही पुरात उडी मारलीत,” ओर्शी हळू म्हणाली.

“दोरी होती ना हातात.”

“आणि दोरीचं दुसरं टोक?”

तिहामेरने बदकावरचं पाणी पुसलं. “ते बोटीला बांधलेलं आहे असा माझा समज होता.”

“आणि?”

“नव्हतं. ते मला पाण्यात कळलं.”

“मग?”

“मग काय, तुला एका हाताने धरलं, तुझ्या नावेला दुसऱ्या. तुला वाटत होतं मी तुला वाचवतोय. मला वाटत होतं, ही पोरगी आता तरी नाव सोडणार नाही ना? तू धरून राहिलीस म्हणून मी राहिलो.”

ओर्शीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तिने दोन्ही पायांनी त्याच्यावर असं पाणी उडवलं की तो ठसकला. “बुडाला असता तुम्ही! मूर्ख माणूस! आणि मला वर्षानुवर्षं थंड पाण्यात पोहायला लावायचात! मी रडायचे तर म्हणायचात, रडायचं नंतर!”

“ते बरोबरच होतं,” तिहामेर खोकत म्हणाला.

ती डोळे पुसत उठली आणि एकदम अध्यक्षा झाली. “ऐका. क्लबच्या वतीने सांगते. पंधरा मे, दोनशे मीटर. नाही जमलं तर शर्यतीच्या दिवशी धक्क्यावर खुर्ची टाकून बसायचं आणि लांगोशची, त्या तळलेल्या पोळ्यांची, कुपनं फाडायची.”

तिहामेरचं तोंड बघण्यासारखं झालं. पुराला तो इतका घाबरला नसेल.

मग दर शुक्रवारी ओर्शीही यायला लागली. आरांकाबाई पाण्यात, ती काठावर शिट्टी घेऊन, आणि मी टॉवेल धरून. “खांदे सैल! बोटं मिटा! रडायचं नंतर!” त्याचीच वाक्यं, त्याच्याच आवाजात. एप्रिलात मोठ्या तलावात गेलो. तिथं मध्यापासून पुढे पाय टेकत नाहीत. पहिल्यांदा ती रेषा आली तेव्हा तो परत फिरला. दुसऱ्यांदा फिरला. तिसऱ्यांदाही फिरला. पण गोल फिरण्याची जुनी खोड असल्यामुळे तो चुकून खोल बाजूलाच वळला आणि पलीकडे जाऊन पोचला. “मुद्दाम केलं,” तो म्हणाला. आम्ही तिघांनीही मान डोलावली.

परीक्षा बारा मेला होती. शिक्षक बेंदेगूझ चोवीस वर्षांचा, भलताच गंभीर, हातात पाटी आणि घड्याळ. त्याच दिवशी क्लबच्या नव्या पोरांचीही परीक्षा होती, चौदा जण, आठ-आठ वर्षांचे. तिहामेरला अर्ध्या चड्डीत बघून त्यांना वाटलं, हे आपल्याला दाखवून द्यायला आलेत. सगळी शहाण्यासारखी ओळीत बसली.

पहिले पन्नास मीटर बरे गेले. दुसऱ्या पन्नासात तो उजव्या दोरीला असा घासत गेला की दंडाची साल निघाली. तिसऱ्यात पाणी गिळलं, थांबतो की काय असं वाटलं, पण त्याने कूस बदलली आणि पाठीवर पडून हात मारायला लागला. भिजलेल्या ओंडक्यासारखा, पण पुढे जात होता.

बेंदेगूझने पत्र काढून वाचलं. “पद्धत कुठली ते लिहिलेलं नाही,” तो म्हणाला. “थांबायचं नाही, एवढंच.”

शेवटच्या पन्नासात, खोल भागातच, तीस मीटर उरले असताना तिहामेरचे पाय खाली जायला लागले. “वेंडेल!” तो ओरडला.

मी काठाने त्याच्याबरोबर चालत होतो. हातात आकडा होता, तो पाण्यात टाकला असता तर परीक्षा तिथंच संपली असती. माझा हात दोनदा पुढे गेला. आरांकाबाईंनी माझ्याकडे फक्त बघितलं.

“इथंच आहे रे,” मी म्हणालो. “बडबड करू नकोस, पोह.”

तो पोहला. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. भिंतीला हात लागला तेव्हा मीच खाली बसलो.

“माझी आजी याच्यापेक्षा जोरात पोहते,” ओळीतली एक मुलगी म्हणाली.

“आजीला माझा नमस्कार सांग,” तिहामेर धापा टाकत म्हणाला. मग श्वास जागेवर आल्यावर काठावर बसून त्याने त्यांना सांगितलं, “सात महिन्यांपूर्वी मला अजिबात येत नव्हतं.”

मग एक मुलगा विचारात पडून म्हणाला, “पण पोहता आल्याशिवाय क्लबात घेत नाहीत. मग तुम्हाला कसं घेतलं?”

या प्रश्नाला उत्तर द्यायच्या ऐवजी त्या कृतघ्न माणसाने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

दुपारपर्यंत गावभर झालं. तिहामेरचं काय, त्याचं सगळ्यांना कौतुकच वाटलं, या वयात शिकला म्हणून. बदनाम झालो तो मी. पाववाली म्हणाली, “वेंडेल, माझ्या भाच्याची गाडीच्या परवान्याची परीक्षा आहे, मिशी काढून त्याच्या जागी बसाल का?” जूनच्या सभेत ओर्शीने गंभीर चेहऱ्याने ठराव मांडला की त्रेसष्ट सालची एक नोंद दुरुस्त करण्यात यावी, आणि सदर सभासद त्या दिवशी दोनदा उत्तीर्ण झाल्याचं लिहावं. एकमताने मंजूर. मीही हात वर केला.

शर्यतीच्या दिवशी तो नारिंगी जाकीट घालून मोटरबोटीत बसला. दिवसभरात दोन नावा उलटल्या. दोन्ही पोरं नावेला धरून हसत हसत काठाला लागली, कुणाला त्याची गरजच पडली नाही. तो जरा खट्टूच झाला. शेवटची शर्यत संपल्यावर मीही त्याच्या बोटीत चढलो, मोटरबोट माझ्यानेसुद्धा उलटत नाही. धक्का चाळीस मीटरवर आला तेव्हा त्याने जाकीट काढलं, चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “धर.”

“काय करतोयस?”

“उकडतंय,” तो म्हणाला आणि बोटीच्या कडेवरून नदीत उतरला.

काठावर दोनशे माणसं रश्शाच्या वाट्या घेऊन उभी होती. ध्वनिक्षेपकावरून ओर्शीचा आवाज आला, “शर्यतीच्या मार्गात पोहायला सक्त मनाई आहे! कोण आहे ते? तिही काका! बाहेर या आधी!” तो बाहेर आला, पण त्याच्या वेगाने. तोपर्यंत लोकांच्या वाट्या रिकाम्या झाल्या होत्या. धक्क्यावर आरांकाबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या, माझा टॉवेल.

सोमवारी त्याला क्लबची लेखी ताकीद मिळाली, शिक्क्यासकट. साठ वर्षांतली पहिली. त्याने ती चौकटीत घालून स्वयंपाकघरात लावली आहे. रविवारी आम्ही तिघं तिथं जेवतो, आणि आरांकाबाई सूप वाढताना दर वेळी तो शिक्का जरा वाकडा आहे असं म्हणतात.